लाइनीत नसलेला नाला

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. चोरी फार मोठी नव्हती. तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं गेलं होतं आणि ते सापडलंही होतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले निम्मे आता नीट आठवतही नाहीत. पण त्या भेंडोळ्याने मला जेवढं पिडलं, तेवढं कुठल्या दरोडेखोराने पिडलं नाही.

तेव्हा मी भिलाईला सब-इन्स्पेक्टर होतो. मी मूळचा वर्ध्याकडचा. प्रांतांची फेररचना झाली तेव्हा घर एका राज्यात राहिलं आणि माझी नोकरी दुसऱ्यात. पोलाद कारखान्याचं बांधकाम जोरात चाललं होतं, पहिली भट्टी अजून पेटायची होती. आमचं ठाणं म्हणजे पत्र्याची एक शेड. दुपारी आत बसवत नसे, म्हणून मुन्शी रोजनामचा घेऊन बाहेर पिंपळाखाली बसायचा आणि वारा आला की कागदांमागे पळायचा.

ठाण्याला एक मोठा नकाशा मिळाला होता. त्यात सगळं होतं. सेक्टर होते, सरळ रस्ते होते, शाळा, बाजार, दवाखाना, बाग. जमिनीवर मात्र यातलं अजून काही नव्हतं. दवाखान्याच्या जागी म्हशी डुंबत होत्या. आणि जमिनीवर जे होतं, म्हणजे भंडाऱ्यापासून आंध्रापर्यंतच्या माणसांच्या झोपड्या, ते नकाशात नव्हतं. पटवाऱ्याकडे दुसरा नकाशा होता, जुना, कापडावरचा. त्यात जी गावं होती ती उठलेली. फिर्याद घ्यायला बसावं आणि विचारावं, "कुठे राहतोस?" तर उत्तर यायचं, "मोठ्या क्रेनपाशी." दुसऱ्या दिवशी शिपाई जाईपर्यंत क्रेन तिथून हललेली असायची. असल्या गावात पोलिसाने समन्स बजावायचं म्हणजे काय ताप होता ते ज्याचं त्याला ठाऊक.

ठाण्यात मराठी जाणणारा मी एकटा. त्यामुळे विदर्भातल्या लोकांचं काहीही निघालं की सर्कल इन्स्पेक्टर साहेब फाइल माझ्याकडे सरकवायचे. नवरा-बायकोचं भांडण असो, बकरी हरवलेली असो, "मराठी मामला है, आप देखिए." तारेची फिर्यादही अशीच माझ्याकडे आली.

फिर्यादी होता एक मुकादम. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, शेतकरी घरचा. ठेकेदारासाठी गावाकडून माणसं आणायची आणि त्यांना कामावर राबवायचं, हा त्याचा धंदा. चरोद्याच्या बाजूला त्या ठेकेदाराची लेबर लाइन होती. तिथल्या बऱ्याच झोपड्यांत त्याच्याच गावची माणसं राहत. मुकादम सकाळीच आला. डोक्याला फेटा, हातात ठेकेदाराची टॉर्च, तीही दिवसा.

म्हणाला, "सायेब, साइटवरची तांब्याची तार गेली. चोर आमच्याच गावचा हाय, म्हनून मले लाज वाटून राहिली. पन खरं तं सांगाच लागते ना जी."

त्याने चोराचं नाव सांगितलं, बघणाऱ्या तिघांची नावं दिली आणि माल कुठे आहे तेही सांगितलं. झोपडीमागच्या जळणाच्या ढिगाखाली. त्या दिवशी मला साक्षीसाठी दुर्गच्या कोर्टात जायचं होतं. मी हवालदाराला पंच घेऊन पाठवलं. हवालदार अहिवाऱ्याकडचा छत्तीसगढी माणूस, कामाला चोख, पण मराठीचा गंध नाही. संध्याकाळी मी परत आलो तो जप्ती पंचनामा तयार, भेंडोळं टेबलावर, आणि आरोपी बाकावर.

आरोपी म्हणजे विशी ओलांडलेला एक वेल्डर. घरचे नुकतेच बौद्ध झालेले. बाप नव्हता, आई त्याच लाइनीत राहायची आणि विटा-गिट्टी वाहायला रेजा म्हणून जायची. पोरगा ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला, बघता बघता वेल्डिंग शिकला, आणि कारखान्याची ट्रेड टेस्ट पास झाला. आता तो ठेकेदाराचा माणूस राहणार नव्हता, कारखान्याच्या पक्क्या नोकरीत जाणार होता. अडकलं होतं फक्त पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीवर. आणि तो पडताळणीचा कागद कुठे होता? माझ्याच टेबलावर, त्या भेंडोळ्याच्या शेजारी. आठवडा संपायच्या आत तो परत गेला नाही, तर त्याची जागा पुढच्या माणसाला मिळणार होती. चोरीची केस लागली तर ती नोकरीही गेली आणि पुढची कुठलीही गेली.

मी त्याला विचारपूस सुरू केली. वाटलं, रडेल, पाया पडेल, निदान "मी नाही केलं" म्हणेल. कसलं काय! ताकास तूर लागू देईना.

"तार कुठून आणलीस?"

"मी नाई आनली."

"मग तुझ्या जळणाखाली कशी आली?"

"आता मी काय सांगू? तुमी लिवा जे लिवाचं हाय थे."

"अरे, साक्षीदार आहेत तीन. त्यांनी तुला बघितलंय."

"कोन?"

मी नावं सांगितली. तो नुसता हसला. म्हणाला, "मंग बरोबर हाय जी. थे म्हनतेत तं तसंच असंल." आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मला त्याचा इतका राग आला की सांगता सोय नाही. माणूस स्वतःसाठी तोंड उघडत नसेल तर पोलिसाने काय त्याच्या वतीने बोलायचं? माझ्या अनुभवात दोन प्रकारची माणसं अशी गप्प बसतात. एक पक्का चोर, आणि दुसरा तो, ज्याचं म्हणणं जन्मात कधी कोणी ऐकून घेतलेलं नाही. दुर्दैव असं की बाकावर बसले की दोघे सारखेच दिसतात.

बाहेर पिंपळाखाली त्याची आई येऊन बसली होती. मुन्शीने दोनदा उठवलं, ती दोनदा परत येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी साक्षीदारांना बोलावलं. तिघेही मुकादमाच्या नात्यातले, त्यांतला एक त्याचा साळा. मी पद्धतीप्रमाणे एकेकाला वेगळं बसवलं. जबाब तिघांचेही पाठ केल्यासारखे आले. सांजेची वेळ होती, मी दारात बसलो होतो, हा खांद्यावर तार घेऊन जाताना दिसला. शब्दाला शब्द. असं असलं की आम्ही पोलीस एक साधी गोष्ट करतो. पढवलेलं संपलं की त्याच्या पुढचं विचारायचं.

पहिल्याला विचारलं, "मग तो गेला कुठे?"

"घराकडं गेला जी."

"कोणत्या वाटेने? नीट आठवून सांग."

त्याने पत्र्याकडे बघितलं, डोळे बारीक केले. "उतारानं खाली गेला. नाला वलांडला. अन् पल्याड उगवतीच्या अंगाले त्याचं घर हाय, थिकडं गेला."

दुसरा आला. तोच प्रश्न. उतार, नाला, पलीकडे उगवतीला घर. तिसरा, मुकादमाचा साळा, तोही तेच बोलला, वर म्हणाला की नाल्यात पाणी नव्हतं म्हणून दगडावरून न जाता सरळ उतरून गेला. आता काय म्हणायचं? न पढवलेल्या प्रश्नाला तीन माणसं वेगवेगळी बसून एकच उत्तर देतात, म्हणजे ती खरी. पुस्तकातही हेच लिहिलंय आणि ट्रेनिंगमध्येही हेच शिकवलेलं. सर्कल साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "माल मिला, गवाह मिले, अब क्या मुहूर्त निकालोगे? चालान डालो."

चालान म्हणजे कोर्टात धाडायचं आरोपपत्र. त्यासोबत घटनास्थळाचा नजरी नकाशा जोडावा लागतो. हल्लीची पोरं तो कसाही ओढतात. आमच्या वेळी असं चालत नसे. आधी उत्तर दिशा ठरवायची आणि बाण काढायचा. मग एक हलणार नाही अशी खूण धरायची, विहीर, खांब, मैलाचा दगड, काहीही. तिथून पावलांनी अंतरं मोजायची, आणि साक्षीदार कुठे उभा होता, आरोपी कुठून कुठे गेला, हे रेघांनी दाखवायचं. मी होकायंत्र घेतलं, हवालदाराला घेतलं आणि भर उन्हात लाइनीवर गेलो.

लाइन अगदी सरळ होती. सर्व्हेवाल्यांनी चुन्याच्या रेघा मारून जागा आखून दिल्या होत्या आणि जो आधी आला त्याने आधीची जागा घ्यायची, असा तिथला नियम. मधोमध पाण्याचा नळ होता. मी नळ ही खूण धरली. साक्षीदारांच्या झोपड्या मांडल्या. मग हवालदाराला म्हटलं, "आता नाला दाखव."

"कोन नरवा, साहब?"

"अरे, नाला. ज्याच्या पलीकडे आरोपीचं घर आहे तो."

"साहब, इहाँ तो कोनो नरवा नइये. अउ ओखर घर तो ये हे." त्याने नळाला लागून असलेली झोपडी दाखवली. साक्षीदारांच्या झोपड्यांपासून ती मावळतीला होती. मागे जळणाचा ढीगही होता.

मी हवालदारावर उखडलो. म्हटलं, तू चुकीच्या झोपडीत जप्ती केलीस. तो बिचारा पंचांचा हवाला द्यायला लागला. मग मी स्वतः त्या लाइनीभोवती फिरलो. उतार शोधला, नाला शोधला. सगळी मुरमाड जमीन, परातीसारखी सपाट. एका बाजूला पाइपासाठी खणलेला चर सापडला, तोही त्याच आठवड्यात खणलेला. घामाने सदरा अंगाला चिकटला होता, कागदावर उत्तरेचा बाण तेवढा काढून झाला होता, आणि तीन माणसांनी जबाबात सांगितलेला नाला कुठेच नव्हता. वैतागून मी नळावरच्या बायकांना विचारलं, "अहो, इथे नाला कुठे आहे?"

त्यांतली एक म्हातारी नवीनच गावाहून आलेली असावी. हसली आणि म्हणाली, "नाला इथं कुठचा जी? नाला तं गावाले रायला."

मी तिथेच पायाखालच्या विटेवर बसलो.

त्या दुपारी तिघांनाही पुन्हा ठाण्यात बोलावलं. जबाबाचा विषयच काढला नाही. शेडच्या मागे माती सारखी करून घेतली, पहिल्याच्या हातात काडी दिली आणि म्हटलं, "त्या सांजेला तू कुठे होतास, तो कुठून कुठे गेला, काढून दाखव."

त्याने आधी एक गोल काढला. म्हणाला, हे देऊळ. मग विहीर. मग घरं, पण रांगेत नाहीत, वाकड्यातिकड्या बोळांची. मग खाली एक नागमोडी रेघ, तो नाला. आणि रेघेच्या पलीकडे, एकटी, एक चौकट. मी माती पुसली आणि दुसऱ्याला बोलावलं. त्यानेही देऊळ काढलं, विहीर काढली, नाला काढला, आणि आरोपीला नाल्यापलीकडे नेऊन ठेवलं. लेबर लाइनीत देऊळ नव्हतं आणि विहीरही नव्हती. रोज ज्या नळावर यांच्या बायका पाणी भरत होत्या, तो नळ दोघांपैकी एकानेही काढला नाही.

मुकादमाचा साळा तिसरा. तो चाळिशीचा, जरा विचार करून बोलणारा. त्याने देऊळ काढलं, घरं काढली, काडी नाल्यापर्यंत आणली आणि थांबला. मग काडी खाली ठेवली.

"सायेब, हे तं मी आमचं गाव काढलं."

"हो. आणि तुझ्या आधीच्या दोघांनीही."

"थो तं इथं नळापाशी रायते."

"मग नाला कोणी ओलांडला?"

मी त्याला पाणी दिलं. नंतर त्याने सगळं सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तार मुकादमानेच साइटवरून आणली होती आणि पोराच्या जळणाखाली सरकवली होती. तिघांना काय बोलायचं ते त्यानेच शिकवलं.

"पण का?" मी विचारलं. "त्या पोराने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"थो आदी आला, म्हनून त्याले नळापाशी जागा भेटली. आमी मांगून आलो. आता आमच्या बाया त्याच्या दारात जाऊन पानी भरतेत, अन् त्याची माय पयली घागर लावते. गावाले लोकं काय म्हनतीन? मुकादम म्हने, त्याले खालच्या टोकाले जा म्हनलं तं आयकत नाई. आता पक्का नोकर झाला तं अजूनच नाई आयकनार."

"आणि तू? तुला काय वाटत होतं?"

"मले काई नोतं वाटत. पानी तं येकच हाय ना जी. पन सोयऱ्यापुढं काय बोलता?"

तोंडात आलेली शिवी मी गिळली. ज्या माणसाला काहीच वाटत नव्हतं, तो एका पोराचा जन्म धुळीला मिळवायला निघाला होता, का, तर सोयरा आहे. खऱ्या वैऱ्याचा मला कधी इतका राग आला नाही.

त्या तिघांच्या मनात डोकावायचा मी नंतर पुष्कळ प्रयत्न केला. त्यांनी ठरवून नाल्याचं खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी काही बघितलंच नव्हतं, हीच खरी गोम. ज्याने बघितलं असतं त्याने नळ सांगितला असता, चर सांगितला असता. ज्याने बघितलेलं नाही त्याला डोळे मिटून चित्र उभं करावं लागतं, आणि डोळे मिटले की माणूस आपल्या गावाला जातो. गावात त्या पोराच्या लोकांना घराकडे जायला एकच वाट होती, नाल्यापलीकडे. दुसऱ्या वाटेने घरी जाणारा तो यांना कल्पनेतही दिसला नाही.

जबाब नोंदवला. मुकादमाला बोलावलं. तो आधी चढ्या आवाजात बोलला, मग ठेकेदाराचं नाव घेतलं, मग रडला. हा क्रम मी इतक्या वेळा पाहिलाय की त्यात नवीन काही नाही. खोटी फिर्याद दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई सुरू केली. पुढे ठेकेदाराने त्याला जामिनावर सोडवलं, दुसऱ्या साइटवर पाठवलं आणि तारखांवर तारखा पडत राहिल्या. अशी प्रकरणं कोर्टात कशी कुजतात ते मी सांगायला नको.

पोराला सोडायच्या वेळी सर्कल साहेब स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना शांतता हवी होती. ज्या लाइनीवर आठवड्याला हाणामारी होते ती त्यांना नको होती. त्यांनी मुकादमाच्या साळ्याला आणि इतर दोघांना उभं केलं, पोराला आणि त्याच्या आईला समोर घेतलं, आणि मला म्हणाले, यांना समजावून सांगा. झालं ते झालं. या तिघांनी माफी मागावी. आणि याने आपली झोपडी लाइनीच्या खालच्या टोकाला हलवावी. तिकडे जागा मोकळी आहे, भांडणाचं मूळच जाईल.

मी ते मराठीत सांगितलं. मला पटलं नव्हतं, पण सांगितलं, कारण वरिष्ठांचा निरोप होता. पोराने आईकडे बघितलं. उत्तर त्याच्या आईने दिलं. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत.

"सायेब, खालच्या टोकालेच जायाचं होतं, तं आमचं गाव काय वाईट होतं?"

साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "क्या बोली?" मी शब्दाला शब्द हिंदीत सांगितलं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, म्हणाले, "ठीक है. जहाँ है वहीं रहने दो," आणि जीपकडे गेले.

पडताळणीचा कागद मी त्याच बैठकीत भरला. चारित्र्याबद्दल काही हरकत नाही, असं लिहिलं. पत्त्याच्या रकान्यापाशी मुन्शी अडला. लेबर लाइनीला ना रस्ता, ना नाव. मी म्हटलं, "नळाला लागून, पश्चिमेकडचं पहिलं घर, असं लिही." तो कागद शिपायाच्या हाती कारखान्यात पाठवला आणि पोराची नोकरी वाचली.

या केसने मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो की साक्षीदार खरा की खोटा हे त्याच्या चेहऱ्यावर शोधत बसू नका, त्याला घटनास्थळी न्या. आणि शहर वसतं म्हणजे काय होतं, तेही मी तिथेच शिकलो. सर्व्हेवाले चुन्याच्या रेघा मारतात, जागा पाडतात आणि समजतात की काम झालं. माणसं आगगाडीने येतात, भांडी आणतात, अंथरुणं आणतात आणि ज्याच्यापासून पळायला हवं होतं तेही गाठोड्यात बांधून आणतात. मग रात्रंदिवस त्याच्याशी झगडायचं काम पोलिसांच्या गळ्यात पडतं, आणि वर लोक आम्हालाच शिव्या देतात. असो.

ती लाइन पुढे मोडली, तिथे रस्ता आला. पण मोडेपर्यंत त्या बाईने झोपडी हलवली नाही. मी सकाळच्या गस्तीला त्या बाजूने जायचो तेव्हा तिची घागर भरून झालेली असायची, आणि तिच्या दारापुढे सगळी लाइन घागरी घेऊन उभी असायची.